एक तुळई, दोन काँक्रीट

पावसाळा सरला, नवरात्र आटोपले, की आपल्याकडे घरोघरी रंगसफेदीची गडबड सुरू होते. शिडी लागते, भिंतीवरच्या तसबिरी उतरतात आणि मग कोणाचे तरी लक्ष वर जाते. गॅलरीच्या बीमखालचा हातभर तुकडा सुटून पडलेला असतो आणि आतली सळई गंजून तांबूस झालेली दिसत असते. गवंडी बोलावला जातो. तो दोन घमेली चांगला 'रिच' माल कालवतो, खड्डा बुजवतो, थापीने गुळगुळीत करतो. वर रंगाचा हात बसला, की दिवाळी साजरी होते. पुढच्या पावसाळ्यानंतर तोच तुकडा, गवंड्याने लावलेल्या मालासकट, पुन्हा खाली आलेला असतो. "हल्ली सिमेंटच चांगले मिळत नाही," असे म्हणून आपण पुन्हा गवंड्याला निरोप धाडतो.

दोष बहुधा सिमेंटचा नसतो. जुन्या काँक्रीटला नवे काँक्रीट लावले, की एकाच तुळईत वेगळ्या वयाचे, वेगळ्या ताकदीचे आणि वेगळ्या स्वभावाचे दोन पदार्थ एकत्र नांदू लागतात. ते एकजीव झाले तर तुळई पूर्वीपेक्षाही भक्कम होते. नाही झाले तर वरवर साजरी दिसणारी तुळई आतून दुभंगलेली राहते. ही एकी कशी साधते आणि कशाने मोडते, हे समजून घ्यायला स्थापत्यशास्त्राला बराच काळ लागला. त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे, कारण तिचा शेवट थेट आपल्या गॅलरीपाशी येतो.

वेगवेगळ्या जातींचे काँक्रीट एकाच बांधकामात वापरण्याची युक्ती नवी नाही. रोममधील पँथिऑन हे मंदिर सम्राट हेड्रियनच्या कारकिर्दीत, इसवी सनाच्या १२५ च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आहे आणि आतमध्ये लोखंडाची एक सळईसुद्धा नाही. रोमन कारागिरांनी पायात आणि खालच्या भिंतींत जड दगडाची खडी घातली, वर जाताना हलका ज्वालामुखी दगड आणि विटांचे तुकडे घातले आणि अगदी माथ्याशी पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र प्युमिस दगड वापरला. घुमटाची जाडीही खाली सुमारे सहा मीटर आणि वर सव्वा मीटरच्या आत ठेवली. जिथे वजन पेलायचे तिथे जड आणि भक्कम माल, जिथे वजन नकोच तिथे हलका माल. घुमटाला उभ्या भेगा पडल्या आहेत, तरी तो उभा आहे. कारण कमानीसारखा तो मुख्यतः दाबावर उभा आहे आणि दाब सोसण्यात काँक्रीटचा हात कोणी धरू शकत नाही.

तुळईचे तसे नाही. तुळई वाकते. तिच्यावर भार आला, की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. लाकडाला दोन्ही सोसते, म्हणून आपल्या चिऱ्यांच्या जुन्या घरांतून सागवानी तुळया पिढ्यान्पिढ्या टिकल्या. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद मात्र दाबाच्या ताकदीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी. नुसत्या काँक्रीटची तुळई खालून तडकते आणि क्षणात मोडते. तिच्या ताणाच्या बाजूला लोखंड घालावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात पुढे आली. फ्रान्समधील जोसेफ मोनिए हा माळीकाम करणारा गृहस्थ. त्याने झाडांच्या कुंड्या तारांची जाळी घालून केल्या आणि १८६७ साली त्याचे पेटंट घेतले. थॅडियस हायट या अमेरिकन संशोधकाने लंडनमधील डेव्हिड किरकाल्डीच्या प्रयोगशाळेत तुळया मोडून पाहिल्या आणि १८७७ साली आपले निष्कर्ष छापले. त्यातला एक निष्कर्ष फार मोलाचा होता: उन्हातापाने लोखंड आणि काँक्रीट जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. तसे नसते, तर प्रत्येक उन्हाळ्यात सळई काँक्रीटपासून सुटत गेली असती आणि आज आपण ज्याला आर.सी.सी. म्हणतो ते जन्मालाच आले नसते.

म्हणजे दोन भिन्न पदार्थांनी एका तुळईत राहायचे असेल, तर नुसते दोघांनी बळकट असून भागत नाही. त्यांचे आखडणे आणि फुगणे जुळले पाहिजे, आणि एकाचा भार दुसऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी पाहिजे. हा धडा तिथे पहिल्यांदा मिळाला.

१८९२ साली फ्रांस्वा एनेबीक याने फ्रान्स आणि बेल्जियममध्ये आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. तुळईच्या तळाशी सळया, त्यांना वरपर्यंत बांधणाऱ्या उभ्या पट्ट्या (आपले बार बेंडर आज ज्यांना रिंगा म्हणतात त्यांच्या या पूर्वज), आणि तुळई व स्लॅब एकाच वेळी ओतून एकसंध करणे, ही त्या पद्धतीची अंगे. एकदम ओतल्यामुळे स्लॅबचा काही भाग तुळईचाच माथा बनून दाब घेऊ लागतो. इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची ही तुळई आज आपल्या प्रत्येक इमारतीत आहे.

इथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. तुळईच्या खालच्या भागातले काँक्रीट ताणाने तडकणारच असते. ताण घेते ती सळई. मग महाग, भारी काँक्रीट खालपासून वरपर्यंत एकसारखे कशासाठी ओतायचे? दाबाच्या बाजूला भारी, बाकी ठिकाणी साधे किंवा हलके, असे का करू नये? अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या स्टीफन हेड याने विशिष्ट जातीची माती भट्टीत फुगवून हलकी खडी बनवण्याचे पेटंट १९१८ साली घेतले. १९३६ साली खुल्या झालेल्या सॅन फ्रान्सिस्को–ओकलंड पुलाच्या वरच्या मजल्याचा रस्ता अशाच हलक्या काँक्रीटचा केला गेला. पूल स्वतःचेच ओझे जितके कमी वाहील तितके वाहनांचे अधिक वाहील, हा त्यातला साधा हिशेब.

पण दोन काँक्रीट एकाच तुळईत घालण्याची खरी वेळ आली ती प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमुळे. यूजीन फ्रेसिने या फ्रेंच अभियंत्याने १९२८ साली त्याचे पेटंट घेतले. अतिशय कणखर पोलादी तारा ताणून काँक्रीटवर आधीच दाब आणून ठेवायचा, म्हणजे पुढे भाराने येणारा ताण त्या दाबातच विरून जातो. याला उत्तम प्रतीचे काँक्रीट लागते आणि ते कारखान्यात किंवा यार्डात नीट देखरेखीखाली ओतणे सोयीचे पडते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत असे तयार गर्डर जागेवर आणून खांबांवर ठेवायचे आणि त्यांवर रस्त्याचा स्लॅब तिथल्या तिथे ओतायचा, ही पद्धत रूढ झाली. महामार्गांवर उड्डाणपुलांची कामे चालतात तिथे आज आपल्यालाही हेच दिसते. गर्डर एका जातीचा आणि काही महिने आधीचा. स्लॅब दुसऱ्या जातीचा आणि आजचा. तुळई मात्र एकच.

ही तुळई एक आहे की दोन, याचा फैसला त्यांच्या मधल्या सांध्यात होतो. दोन सारख्या फळ्या एकमेकींवर ठेवा, टोकांना विटा द्या आणि मध्यावर उभे राहा. फळ्या वाकतील आणि टोकांशी एक फळी दुसरीवरून सरकलेली दिसेल. आता त्याच फळ्या सरस लावून पक्क्या चिकटवा. वाकणे एकदम चौथ्या हिश्श्यावर येते आणि भार पेलण्याची ताकद दुप्पट होते. लाकूड तेवढेच, वजन तेवढेच. फरक फक्त मधल्या चिकटण्याचा. घसरू पाहणारी ही जी आडवी ओढ असते, ती सांध्याने पेलली तर दोन फळ्यांची एक तुळई होते, नाही तर दोन दुबळ्या फळ्याच राहतात.

काँक्रीटच्या बाबतीत ओढ एवढीच नसते. काँक्रीट वाळताना आक्रसते. आपल्या भारतीय मानकात अंदाजासाठी धरलेला आकडा मीटरला ०.३ मिलिमीटर आहे. म्हणजे दहा मीटरला तीन मिलिमीटर. गर्डर जुना असल्यामुळे त्याचे बरेचसे आक्रसणे झालेले असते, वरचा नवा स्लॅब मात्र आता कुठे आक्रसू लागतो. धाकटा आखडू पाहतो आणि थोरला त्याला आखडू देत नाही. या ओढाताणीत स्लॅबमध्ये ताण निर्माण होतो आणि सांध्यावर, पुलावरून एकही गाडी गेलेली नसताना, भार येतो. शिवाय दोन्ही काँक्रीटचा ताठपणा वेगळा. आपल्याकडच्या नियमाने एम २० काँक्रीटपेक्षा एम ५० ची ताकद अडीचपट, पण ताठपणा सुमारे दीडपटच. ('एम'पुढचा आकडा म्हणजे २८ दिवसांच्या ठोकळ्याने चौरस मिलिमीटरला किती न्यूटन दाब सोसावा तो.) भार वाटला जातो तो ताकदीप्रमाणे नव्हे, ताठपणाप्रमाणे. एका भागाला भारी काँक्रीट घातले म्हणून सगळे काम तोच उचलील, असे होत नाही.

मग सांधा टिकतो कशाने? १९६० साली अमेरिकेच्या पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या प्रयोगशाळेत एन. डब्ल्यू. हॅन्सन यांनी गर्डर आणि स्लॅब यांच्या सांध्यांवर पद्धतशीर प्रयोग केले. गुळगुळीत सांधा, खडबडीत सांधा, चिकटलेला, न चिकटलेला, असे निरनिराळे नमुने घसरेपर्यंत ढकलून पाहिले. खडबडीत आणि नीट चिकटलेला सांधा गुळगुळीत सांध्यापेक्षा कितीतरी सरस ठरला. पुढे १९६६ साली फिलिप आणि हॅल्वर्ड बर्केलंड यांनी त्यामागचे कोडे फार सोप्या रीतीने उलगडले. टाकी लावलेल्या जात्याचे दोन दगड डोळ्यांपुढे आणा. वरचा दगड खालच्यावरून सरकवायचा तर खडबडीतपणामुळे त्याला किंचित वर उचलावे लागते. आता हे दोन दगड एका दोरीने आरपार बांधलेले असतील, तर वरचा दगड उचलला जाताच दोरी ताणली जाईल आणि दोन्ही दगडांना आणखी घट्ट आवळील. काँक्रीटमध्ये ही दोरी म्हणजे सांध्यातून आरपार गेलेली सळई. सांधा सरकू लागला, की सळई ताणते. सळई ताणली, की सांधा आवळतो. आणि आवळला, की घर्षणाने सरकणे थांबते.

गर्डरच्या माथ्यावर सळयांच्या रिंगा मुद्दाम बाहेर ठेवलेल्या आणि माथा मुद्दाम ओबडधोबड केलेला दिसतो, त्याचे कारण हे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या नियमावलीत या घर्षणाचे आकडेच दिले आहेत. एकाच वेळी ओतलेल्या काँक्रीटला १.४, पाव इंच खोलीपर्यंत खडबडीत केलेल्या जुन्या पृष्ठभागाला १.०, आणि तसाच ठेवलेल्या पृष्ठभागाला ०.६. पृष्ठभाग खडबडीत करायचा कंटाळा केला तर चार दशांश ताकद तिथेच गेली.

याच काळात आपल्या शेजारी, सह्याद्रीत, याच प्रश्नाने फार मोठे रूप घेतले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले. पण त्याच्या उंच भागांत, जिथे मागच्या बाजूचा उतार एकाएकी बदलतो तिथे आडव्या भेगा गेल्या. हे धरण दगडमिश्रित काँक्रीटचे, आत सळया नाहीत. तरी भूकंपात ते वागले तुळईसारखेच. तळाशी घट्ट रोवलेली आणि वर मोकळी असलेली उभी तुळई हलवली, तर ती जिथे एकदम बारीक होते तिथेच तडकणार. त्या भेगांत इपॉक्सी भरले गेले, माथ्याचा भाग पोलादी केबलनी खाली आवळला गेला आणि नंतर धरणाच्या मागच्या बाजूने नव्या काँक्रीटचे आधार जोडले गेले. म्हणजे तिथेही जुन्याला नवे जोडण्याचाच प्रश्न आला. आधार नुसता टेकून उभा राहिला असता तर उपयोग नव्हता. पुढच्या हादऱ्याला त्याने धरणाबरोबर एका अंगाने हलले पाहिजे.

सांध्याकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे १९८५ साली वेल्समध्ये दिसले. तिथला इनिस-इ-ग्वास नावाचा एक छोटा पूल १९५३ साली बांधलेला. त्याच्या तुळया काँक्रीटचे तयार ठोकळे एकापुढे एक मांडून, मध्ये मसाल्याचे पातळ सांधे भरून आणि आरपार पोलादी तारा ओवून केलेल्या होत्या. ठोकळे उत्तम होते. परंतु हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठाचे पाणी त्या पातळ सांध्यांतून झिरपत गेले आणि नेमके सांध्यांपाशी तारांना गंज चढला. ४ डिसेंबर १९८५ रोजी पूल कोसळला. वर एकही वाहन नव्हते आणि आधी कसलीही सूचना मिळाली नव्हती. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. १९९२ साली ब्रिटिश सरकारने अशा प्रकारच्या, नळ्यांत तारा ताणून वर मसाला भरण्याच्या नव्या पुलांना मनाई केली आणि काही वर्षांनी पद्धती सुधारल्यावरच ती मागे घेतली.

त्यानंतर सातच महिन्यांनी, ५ जुलै १९८६ रोजी, पणजीजवळचा मांडवीवरचा पूल कोसळला. तो दिवस गोव्यातल्या वाचकांना विसरता येणार नाही. नवा पूल १९९२ साली खुला होईपर्यंत लोकांना फेरीबोटीच्या रांगा लावाव्या लागल्या. तिथला दोष तंतोतंत वेल्ससारखाच होता असे म्हणता येणार नाही. पण खाऱ्या हवेत प्रीस्ट्रेस्ड पोलाद आतल्या आत गंजत गेले, तरी बाहेरून काँक्रीट धडधाकट दिसते, हा धडा दोन्हींकडे एकच.

अलीकडच्या चाळीसेक वर्षांत काँक्रीटच्या जातीही फार बदलल्या. डेन्मार्कच्या हान्स हेनरिक बाखे यांनी सिमेंटच्या कणांमधल्या पोकळ्या त्याहून सूक्ष्म भुकटीने भरून, पाणी अगदी थोडे वापरून, पूर्वी कल्पनेत नसलेल्या ताकदीचे काँक्रीट केले. त्यात बारीक पोलादी तंतू मिसळले, की ते ताणही बऱ्यापैकी सोसते. हे काँक्रीट अतिशय महाग. सबंध पूल त्याचा करणे परवडत नाही. म्हणून स्वित्झर्लंडमधील लोझान येथील प्राध्यापक ओयगेन ब्र्यूह्विलर यांनी जुन्या पुलांवर त्याचा फक्त पातळ थर देण्याचे काम हाती घेतले. त्याचा पहिला प्रत्यक्ष वापर २००४ साली एका लहान पुलावर झाला. पुढे जिनिव्हा सरोवराच्या काठच्या शियों येथील, दोन किलोमीटरहून लांब अशा जोडपुलांच्या काँक्रीटमध्ये खडी आणि सिमेंटमधील अल्कली यांच्या संयोगाने होणारी सूज आढळली, तेव्हा २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत त्यांच्या माथ्यावर सळया घालून अवघा ४ सेंटिमीटरचा थर देण्यात आला. त्यासाठी आधी जुना पृष्ठभाग खरवडून काढला गेला. एवढे भारी काँक्रीट, पण त्याचाही भरवसा शेवटी त्या खरवडलेल्या पृष्ठभागावरच.

आता आपल्या गॅलरीपाशी परत येऊ. गंजलेले लोखंड मूळच्या दुपटीहून अधिक जागा व्यापते, त्या रेट्याने वरचे काँक्रीट सुटते. गवंडी त्या गंजावर, धुळीवर, सुटू घातलेल्या कपच्यांवर आणि कोरड्या ठणठणीत काँक्रीटवर रिच माल थापतो. आता वर सांगितलेली हकीकत आठवा. पृष्ठभाग खडबडीत नाही आणि आरपार सळई नाही, म्हणजे जात्याला टाकी नाही आणि दोरीही नाही. रिच मालात सिमेंट जास्त, म्हणून तो आक्रसतोही जास्त; जुने काँक्रीट आक्रसायचे ते कधीच आक्रसून बसलेले. कोरडे काँक्रीट नव्या मालातले पाणी शोषून घेते, त्यामुळे नेमक्या सांध्यापाशी सिमेंट अर्धवट भिजलेले राहते. आणि गंज तर आत तसाच चालू आहे. एवढे सगळे विरुद्ध असताना तो तुकडा एक पावसाळा टिकतो हेच आश्चर्य.

करायचे काय, तेही याच इतिहासात आहे. सुटलेले सगळे काँक्रीट, आवाज खणखणीत येईपर्यंत, छिन्नीने काढावे. सळईच्या मागेही बोट जाईल इतकी जागा मोकळी करावी, गंज घासून काढावा आणि सळई फार बारीक झाली असेल तर जोडीला नवी द्यावी. पृष्ठभाग खडबडीत करून पाण्याने धुवावा. आतून ओला, वरून पाणी साचलेले नाही, अशा स्थितीत नवा माल भरावा. माल जुन्याच्या स्वभावाशी जुळणारा आणि कमी आक्रसणारा असावा. नुसता रिच असून चालत नाही. नंतर निदान आठवडाभर पाणी मारावे. समुद्राजवळच्या घरांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या काँक्रीटमध्ये मीठ मुरलेले असेल तर दुरुस्तीच्या अगदी शेजारच्या भागात नवा गंज जोराने सुरू होतो, म्हणून फक्त पडलेल्या तुकड्यापुरते पाहून भागत नाही. आणि तुळईला आडव्या-तिरक्या भेगा असतील, किंवा घरावर आणखी मजला चढवायचा असेल, तर ते काम गवंड्याच्या अंदाजावर न सोडता अभियंत्याला दाखवावे. जुन्या आर.सी.सी. इमारती तपासून भूकंपासाठी बळकट कशा कराव्यात, याबद्दल भारतीय मानक संस्थेचे २०१३ चे मार्गदर्शक मानक आहे. तुळईभोवती नव्या काँक्रीटचे कवच चढवण्याची पद्धतही त्यात येते.

या दिवाळीत शिडी लावाल तेव्हा रंगाच्या डब्याबरोबर एक छोटी हातोडीही वर न्या. बीमच्या खालच्या अंगावर हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर तुळई एक आहे. बद्द आवाज आला तर तिथे दोन तुकडे आहेत, आणि त्यांवर रंग देण्याआधी गवंड्याला थांबवायचे आहे.